बोलक्या यंत्राची मुकी पेटी

मिरजेच्या कारागिरानें घडविलेला तंबोरा आणि घरांतला स्पीकर हीं दोन्ही नादाचींच साधनें; परंतु त्यांचे धर्म मात्र एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. तंबोऱ्याची तार छेडली कीं भोपळा तिच्याबरोबर थरथरतो आणि त्या थरथरीनेंच तारेच्या बारीक नादाला भरदारपणा येतो. भोपळा मुका राहिला तर तंबोरा वाया गेला. स्पीकरच्या पेटीचें नेमकें याविरुद्ध आहे. गाणाराच्या गळ्यांतलें आणि वाद्यांतलें जें काय यायचें तें ध्वनिमुद्रणांत आधींच उतरलेलें असतें. त्यांत पेटीनें पदरचें कांहीं घालूं नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

मग पेटी हवीच कशाला, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. आज सर्वत्र आढळणाऱ्या स्पीकरची बैठक १९२५ सालीं अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या संशोधकांनीं घालून दिली. चुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें असतें व त्याला कागदाचा शंकु जोडलेला असतो. विजेचा प्रवाह बदलेल तसतसा हा शंकु मागेंपुढें हालतो. तो पुढें सरला म्हणजे समोरची हवा दाबली जाते. त्याच क्षणीं मागची हवा विरळ होते. अशा रीतीनें एकाच वेळीं दोन परस्परविरुद्ध लहरी निघतात. सेकंदाला १०० कंपनांच्या खर्ज स्वराची लहर सुमारें ३.४ मीटर लांब असते. वीतभर शंकूला वळसा घालून पुढें येणें तिला मुळींच कठीण नाहीं. पुढची आणि मागची लहर भेटल्या कीं एकमेकींना पुसून टाकतात आणि डग्ग्याचा घुमारा नाहींसा होतो. मागच्या लहरीला कोंडून ठेवणें, हेंच पेटीचें मुख्य काम होय.

परंतु कोंडलेली हवा स्वस्थ बसत नाहीं. ती भिंतींना आंतून ढकलते, भिंती थरथरतात आणि पेटी बोलूं लागते. यावरचा रूढ उपाय म्हणजे जाड फळ्या. साडेसहा इंची स्पीकरसाठीं १२ लिटरांची पेटी १८ मि.मी. जाडीच्या एमडीएफची केली, तर नुसत्या पेटीचेंच वजन पांच किलोंच्या घरांत जातें. स्पीकर आणि बॅटरी बसविल्यावर तिला एका हातानें उचलून तीन जिने चढण्याची हौस कोणास उरणार? गच्चीवरचें व्याख्यान असो, भजनी मंडळाची बैठक असो, कीं ऐकूं कमी येणाऱ्या आजोबांच्या खाटेजवळ बातम्या ऐकवायच्या असोत. जी पेटी उचलवत नाहीं, ती अशा वेळीं कोपऱ्यांतच पडून राहते.

जाडी आणि ताठपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे यांतून वाट निघते. फळीची जाडी दुप्पट केली तर तिच्या थरथरीची कंपसंख्या दुप्पट होते; पण वजनहि दुप्पट होतें. उलट, जवळजवळ चौरस फळीच्या मधोमध आंतून एक ताठ पट्टी चिकटवली तर हिशेबानें ती कंपसंख्या सुमारें अडीचपट होते, आणि वजन वाढतें तें फार तर काहीं तोळ्यांनीं. थरथर जितकी वरच्या स्वरांकडे सरकते, तितकी ती खर्जाच्या जोरकस धक्क्यांपासून दूर जाते.

दुसरी युक्ति इंग्लंडमधील बी.बी.सी.च्या अभियंत्यांची. पातळ भिंतीला आंतून डांबराचा थर दिला तर थरथर तेथल्या तेथें जिरते, या तत्त्वावर त्यांनीं पेट्या घडविल्या, आणि १९७७ सालीं हारवुड व मॅथ्यूज यांनीं या विषयावर अहवाल लिहिला. फिरत्या ध्वनिक्षेपण-गाड्यांतील दाटीसाठीं बनविलेल्या त्यांच्या ‘एलएस ३/५ए’ या चिमुकल्या स्पीकरची पेटीहि बर्चच्या प्लायवुडचीच होती.

घरीं पेटी करतांना या दोन्ही युक्त्यांचा मेळ घालतां येतो. पुढची फळी १२ मि.मी. जाड घ्यावी, कारण तिच्यावर स्पीकरचा भार असतो. बाकीच्या पांच ६ मि.मी. चांगल्या प्लायवुडच्या घ्याव्यात. बाजूंच्या दोन फळ्या २६० × २४० मि.मी., वरची व खालची २१२ × २४०, आणि पुढची व मागची २१२ × २७२ अशा कापल्या कीं आंत साडेबारा लिटरांच्या जवळपास जागा मिळते. काटकोन गुण्यानें तपासून पाहावेत. आंतल्या कोपऱ्यांना चौरस लाकडी पट्ट्या देऊन पांढऱ्या गोंदानें सांधे पक्के करावेत. गोंद पुरता वाळेपर्यंत शिकंजे काढूं नयेत. प्रत्येक पातळ फळीला आंतून एक पट्टी उभ्या धारेवर चिकटवावी आणि उरलेल्या मोकळ्या भागावर डांबरी पत्र्याचा छोटा तुकडा लावावा. शेवटीं उशींत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरावा. एवढें करून पेटीचें वजन दोन किलोंच्या आंतच राहतें.

हवा कोठूनहि निसटतां कामा नये. स्पीकरच्या कडेखालीं फोमची पट्टी असावी व तारेचें भोंक बुजवावें. शंकु बोटांनीं सर्व बाजूंनीं सारखा, हलकेच दाबून सोडला असतां तो रेंगाळत परत आला, तर पेटी घट्ट आहे असें समजावें; चट्‌दिशीं परतला तर कोठें तरी फट आहे.

ॲम्प्लिफायर आणि बॅटरी यांना पाठीमागें वेगळा, वारा खेळेल असा खण द्यावा. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी एकटीच दोन किलोंहून जड भरते. तेवढ्याच कामाची लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी किलोच्या आंत बसते. मात्र तिला संरक्षक मंडल असलेंच पाहिजे, आणि धन टोकाच्या तारेंत बॅटरीलगत फ्यूज घातल्यावांचून एकहि जोडणी करूं नये. हँडल सर्वांत शेवटीं बसवावें. चुंबकामुळें पेटीचा भार पुढें झुकलेला असतो. म्हणून भरलेली पेटी एका गोल दांड्यावर तोलून पाहावी, आणि जेथें ती समतोल राहील तेथेंच, आंतून जाड लाकडाचा आधार देऊन, हँडलचे बोल्ट आवळावेत व त्यांचीं भोंकेंहि बुजवावींत.

अशा पेटीकडून मिरवणुकीचा दणदणाट होणार नाहीं, आणि तशी अपेक्षाहि करूं नये. माणसाचें बोलणें स्पष्ट ऐकूं यावें, भजनांतली अक्षरें एकमेकांत मिसळूं नयेत, एवढें ती चोख करते. काम उत्तम साधलें आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची खूण सोपी आहे: स्पीकर चालू असतांना पेटीच्या बाजूवर तळहात ठेवावा. आवाज खोली भरून असावा, आणि हाताला मात्र थरथर जेमतेमच जाणवावी.