सासूबाई, गड आणि टेकडीच्या पोटातली गाडी

नाशिकजवळच्या सप्तशृंगी गडावर सासूबाई दोनदा जाऊन दर्शनाशिवाय परत आल्या होत्या. "तुम्ही जा गं, मी इथूनच हात जोडते." गुडघे! आणि समोर पाचेकशे पायऱ्या. २०१८ मध्ये तिथं फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, तेव्हा चारठाण्याहून पुन्हा निघायचं ठरलं. तर सासूबाईच अडून बसल्या. "दोरीवर लोंबकळायला मी काय माकड आहे?"

त्यांना वाटलं, रोप-वे. म्हटलं, "अहो आई, ही रुळांवरून चालते. विहिरीवरची कप्पी आठवा. दोराच्या दोन टोकांना दोन घागरी. एक खाली जाते, दुसरी वर येते. इथं घागरींच्या जागी डबे. उतरणाऱ्याच्या वजनानं चढणाऱ्याला हातभार लागतो, यंत्राला जोर कमी पडतो." पाणी शेंदण्यात जिंदगी गेलेल्या बाईला हे लगेच पटलं!

गडावर रांगेत उभं असताना लेकानं माहिती पुरवली, की अशी गाडी शहरात जमिनीखालूनही धावते. तुर्कस्तानातल्या इस्तंबूलमध्ये तर १८७५ पासून! खाली बंदराजवळचं काराकोय, वर टेकडीवर बेयोग्लू, मध्ये खडी चढण आणि दाटीवाटीची घरं. रूळ टाकणार कुठं? गावान नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं टेकडीच्या पोटातूनच बोगदा काढला. नाव 'ट्यूनेल', लांबी ५७३ मीटर, प्रवास दीड मिनिटाचा. लंडननंतरची ही जगातली दुसरी जुनी भुयारी रेल्वे. पूर्वी तिच्यातून जनावरंही चढायची. इस्रायलमधल्या हैफातही १९५९ मध्ये अशी गाडी झाली. तिथं फलाटसुद्धा पायऱ्यापायऱ्यांचे, आमच्या गावच्या बारवेसारखे.

मैत्रिणींनो, आपण ही गाडी देवाला जाताना बघतो. तिथली बाई भाजीच्या पिशव्या घेऊन रोज बसते, याचंच मला अप्रूप. आमच्या गावाला बोगदा नको. बसची पहिली पायरी वीतभर खाली आली तरी पुष्कळ.

ट्रॉली काही मिनिटांत वर पोचली. अठरा हातांच्या देवीपुढे सासूबाई गप्प उभ्या राहिल्या. डोळे पुसले, ओटी भरली. परतताना शेजारून दुसरा डबा वर येताना दिसला, तशा मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "बघ, आपल्या वजनानं त्या बाया चढायल्यात."