विश्लेषण : खडकाचे छायाचित्र कुठवर ‘सजवायचे’?

पावसाळा सुरू झाला की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. त्यातील काहींत कातळ जांभळा, आकाश केशरी आणि दरी डोळे दिपवणारी हिरवी असते. प्रत्यक्ष कड्यावर पोहोचलेल्याला मात्र करडा-काळा कातळ आणि पांढरे धुके दिसते. मग ती छायाचित्रे खोटी म्हणायची का? संगणकावर केलेला प्रत्येक बदल ही फसवणूक नसते आणि प्रत्येक बदल निरुपद्रवीही नसतो. या दोहोंमधली रेषा कुठे आहे?

संपादन मुळात का करावे लागते?

डोळा उजळ आकाश आणि सावलीतला कडा आळीपाळीने पाहतो आणि मेंदू त्यांचे एकसंध दृश्य तयार करतो. कॅमेऱ्याला एकाच क्षणात दोन्ही टिपायचे असते. आकाश नीट आले तर कडा काळाठिक्कर पडतो, कडा नीट आला तर आकाश पांढरेफटक होते. म्हणून अनेक छायाचित्रकार ‘रॉ’ स्वरूपात छायाचित्र घेतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा नोंदवता येतात, नेहमीच्या जेपेगमध्ये फक्त २५६. सावलीतला दडलेला तपशील नंतर वर काढता येतो तो यामुळेच. मोबाइलही बटण दाबताच स्वतःहून रंग आणि उजेड बदलतो. त्यामुळे ‘अजिबात संपादन न केलेले’ छायाचित्र हा बहुतेक वेळा गैरसमजच असतो.

खडकाच्या छायाचित्रात नेमके काय बदलतात?

पहिला बदल रंगसंतुलनाचा. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा असल्याने सकाळी सावलीत असतो. त्याच्यावर केवळ आकाशाचा उजेड पडतो आणि छायाचित्रात कातळ निळसर दिसतो. तो निळेपणा कमी करणे ही दुरुस्तीच. दुसरा बदल उजेड-सावलीच्या फरकाचा. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून घडला. सपाट उजेडात हे थर एकमेकांत मिसळून जातात, फरक थोडा वाढवला की पायऱ्यांसारखे उठून दिसतात. अति केले तर मात्र कड्याच्या कडेने पांढरी झालर उमटते आणि दगड प्लास्टिकचा वाटू लागतो.

हा प्रकार डिजिटल युगातला आहे का?

नाही. अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील ‘हाफ डोम’ या ग्रॅनाइटच्या प्रचंड कड्यासमोर उभे होते. शेवटच्या दोनच काचा उरल्या होत्या. पहिल्या काचेवर त्यांनी पिवळा फिल्टर वापरून छायाचित्र घेतले; पण आकाश फिके येणार हे त्यांच्या लक्षात आले. शेवटच्या काचेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा अंगावर येणारा दिसला. प्रत्यक्षात आकाश तसे नव्हते, तरीही हे छायाचित्र अभिजात मानले जाते.

याच अॅडम्स यांनी १९४४ च्या ‘विंटर सनराइज’मध्ये पुढचे पाऊल टाकले. लोन पाइन गावातील शाळकरी मुलांनी खडकाळ टेकडीवर पांढऱ्या दगडांनी गावाची आद्याक्षरे उमटवली होती. अॅडम्स यांनी ती छायाचित्रातून पुसली. त्यावर काहींनी टीकाही केली.

मग सीमारेषा कोणती?

छायाचित्र कुठे आणि काय म्हणून दाखवले जाते, यावर ती ठरते. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत चित्रातील वस्तू घालणे वा काढणे नियमबाह्य आहे आणि पडताळणीसाठी मूळ फाइल मागितली जाते. ‘विंटर सनराइज’ तिथे बाद ठरले असते. कलादालनात मात्र ते मानाने टांगले जाते.

खडकाच्या बाबतीत रंग आणि आकार ही माहितीच असते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दिसणारा तांबडा मातकट पट्टा अभ्यासकाला बरेच सांगून जातो. पण अख्खा कडाच तांबूस केला तर तो पट्टा हरवतो. कडा उभा ताणून उंच दाखवला किंवा ओला, निसरडा कातळ कोरडा भासवला, तर ते पाहून निघालेल्या ट्रेकरला चुकीचा अंदाज येतो.

एआयमुळे काय बदलले?

फोटोशॉपमध्ये २०२३ पासून नुसते शब्द लिहून ढग किंवा धबधबा घालता येतो. पूर्वी त्यासाठी कौशल्य आणि वेळ लागे. छायाचित्र कुठून आले, त्यात काय बदलले याची नोंद फाइलसोबत ठेवण्यासाठी अॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी २०२१ मध्ये ‘सीटूपीए’ हा उपक्रम सुरू केला. मात्र छायाचित्र एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरताना ही नोंद गळून पडू शकते.

फटका कुणाला बसतो?

खऱ्या छायाचित्राला. कोकणकड्यावर पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुके असे जुळून आले, तर बारीक जलकणांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याचीच सावली पडते. हेच ‘इंद्रवज्र’. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ मध्ये त्याची नोंद केली होती. आज कुणाला ते नशिबाने टिपता आले, तर पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘फोटोशॉप केलंय का?’ अशा वेळी छायाचित्रकाराकडे मूळ फाइल जपलेली असेल आणि केलेले बदल त्याने ओळीत सांगितले असतील, तर त्या प्रश्नाला उत्तर देता येते.