विजेची मोटार आणि रस्त्याकाठचे गाव

अहिल्यानगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर कर्जत तालुक्यातील मिरजगाव वसले आहे. चाकणच्या कारखान्यांतून निघालेली मोटार अशाच गावांतील गॅरेजमध्ये दुरुस्तीला येते; म्हणून मोटार उद्योगातील स्थित्यंतर येथेही पोहोचल्यावाचून राहणार नाही.

विजेच्या मोटारीला इंजिन नाही. साहजिकच पिस्टन, सायलेन्सर, डिझेल पंप नाहीत आणि ऑईल बदलणेही नाही. ज्या कामांवर गॅरेजवाल्याचा प्रपंच चालतो, नेमकी तीच नाहीशी होतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग तेवढे उरतात. पण या मोटारींच्या बॅटरीचा दाब बहुधा ३०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. पाना हाती घेण्यापूर्वी वीजप्रवाह सुरक्षितपणे तोडण्याची रीत ठाऊक नसेल, तर जिवावरच बेतावयाचे.

उत्पादकांनाही विवंचना आहेतच. मोटारीच्या चुंबकांना लागणाऱ्या काही दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा त्यांची तारांबळ उडाली.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. प्रवासी चार्जिंगसाठी थांबला की चहावाल्याचा धंदा वाढेल; गॅरेजवाल्याचे काय? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी विद्युत वाहन मेकॅनिकचा २ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो दहावी उत्तीर्ण मुलांना उपयुक्त होय. वीस वर्षे पाना चालविलेल्या कारागिराला मात्र दोन वर्षे दुकान बंद ठेवणे परवडत नाही. त्याच्यासाठी तालुक्याच्या गावीच अल्प मुदतीचे वर्ग हवेत.