शारीरिक व्यायाम, अवधान आणि अध्ययन : बुलढाणा जिल्ह्यातील शाळांच्या संदर्भात

प्रस्तावना

शालेय वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासिकेला स्थान असते. परंतु परीक्षा जवळ आली, की गणिताचा किंवा इंग्रजीचा राहिलेला भाग पूर्ण करण्यासाठी सर्वप्रथम तीच तासिका घेतली जाते. खेळात गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, हे त्यामागील गृहीतक होय. हे गृहीतक कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील शाळा डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

तेरा तालुक्यांचा हा जिल्हा ज्या अमरावती विभागात येतो, त्या विभागाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावती येथे 1914 साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. या परंपरेत व्यायामाचा संबंध प्रामुख्याने बलसंवर्धन व शिस्तीशी जोडला गेला. व्यायामाचा अध्ययनाशी असलेला संबंध मात्र अलीकडच्या संशोधनातून अधिक स्पष्ट झाला आहे.

व्यायाम व अवधान यांचा संबंध

अनेक उद्दीपकांपैकी आवश्यक तेवढ्यावर मन एकाग्र करणे आणि इतरांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे अवधान होय. वर्गाबाहेरील आवाजाकडे लक्ष न देता फळ्यावरील उदाहरण समजून घेणारे मूल हीच क्षमता वापरत असते.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे साडेनऊ वर्षे सरासरी वयाच्या 20 मुलांची तपासणी एकदा विश्रांतीनंतर आणि एकदा 20 मिनिटे मध्यम गतीने चालल्यानंतर करण्यात आली. चालल्यानंतर मुलांनी अवधानाच्या चाचणीत अधिक अचूक उत्तरे दिली व वाचन-आकलनातही त्यांची कामगिरी सरस ठरली. याच गटाने 2014 मध्ये 7 ते 9 वर्षे वयाच्या 221 मुलांवरील नऊ महिन्यांच्या उपक्रमाचे निष्कर्ष मांडले. शाळा सुटल्यानंतर नियमित व्यायाम करणाऱ्या मुलांचे अवधान व विचारांची लवचिकता इतरांपेक्षा अधिक सुधारली. ज्यांची उपस्थिती जास्त, त्यांना लाभही जास्त झाला. जॉर्जिया येथील 2011 च्या अभ्यासात 171 स्थूल मुलांपैकी दररोज 40 मिनिटे व्यायाम करणाऱ्यांमध्ये नियोजनक्षमतेची सुधारणा अधिक आढळली.

व्यायामाने मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो, तसेच चेतापेशींच्या वाढीस साहाय्य करणारी प्रथिने अधिक प्रमाणात निर्माण होतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. प्रथिनांविषयीचे पुरावे मुख्यतः प्राणी व प्रौढ व्यक्तींवरील आहेत. शिवाय एका वेळच्या व्यायामाचा परिणाम मर्यादित काळ टिकतो. म्हणून व्यायाम हा अध्यापनाला पर्याय नाही. तो अध्यापन ग्रहण करण्याची पूर्वतयारी आहे.

खेळ आणि श्रम यांतील भेद

ग्रामीण मुले घरी व शेतात पुरेसे श्रम करतात, त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज काय, असा प्रश्न केला जातो. कापूस वेचणे किंवा पाणी भरणे यांत शरीर थकते. परंतु ती एकसुरी कामे असून मुलाच्या इच्छेवर अवलंबून नसतात. याउलट खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि ‘खो’ मिळेपर्यंत बसलेल्या खेळाडूला उठता येत नाही. धावण्याची ऊर्मी आवरणे, नियम लक्षात ठेवणे व क्षणार्धात निर्णय घेणे या तिन्ही क्रिया येथे एकत्र येतात. वर्गातील एकाग्रतेसाठी याच क्षमता लागतात. लंगडी व कबड्डी या खेळांनाही हे लागू पडते आणि त्यांना खर्चिक साहित्य लागत नाही.

जिल्ह्यातील परिस्थिती

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर या घाटावरील भागाच्या तुलनेत मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पूर्णा खोऱ्यातील भागात उन्हाळा अधिक तीव्र असतो. त्यामुळे दुपारची खेळाची तासिका कागदावरच राहण्याची शक्यता असते. सकाळच्या प्रहरी, परिपाठाला जोडून व्यायाम घेतल्यास उन्हाचा त्रास टळतो आणि त्यानंतरच्या वाचन-गणिताच्या तासिकांना त्याचा लाभ मिळतो. मात्र पिण्याचे पाणी आणि उपाशीपोटी आलेल्या मुलांसाठी अल्पोपाहार यांची व्यवस्था आधी असावी.

दुसरी अडचण मनुष्यबळाची आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण व क्रीडासाहित्य आवश्यक ठरविले. तथापि शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांत 100 हून अधिक विद्यार्थी असतील तरच आहे. पहिली ते पाचवीच्या 60 पर्यंत पटाच्या शाळेला दोन शिक्षक अनुज्ञेय आहेत. म्हणजेच लहान गावातील शाळेत ही जबाबदारी वर्गशिक्षकावरच येते. त्याच्यासाठी दररोज 15 ते 20 मिनिटांचा सोपा, निश्चित कार्यक्रम हाच व्यवहार्य मार्ग होय.

मुलींचा सहभाग हा तिसरा मुद्दा आहे. वय वाढते तसा मुलींच्या घरकामाचा भार वाढतो व मैदान दुरावते. शाळेच्या वेळेतील तासिका हीच अनेकींना खेळण्याची एकमेव संधी असते. ती रद्द झाल्यास सर्वाधिक हानी त्यांचीच होते. गृहपाठ न केल्याची शिक्षा म्हणून खेळ बंद करणेही तितकेच अयोग्य आहे. ज्या मुलाचे लक्ष लागत नाही, त्यालाच हालचालीची गरज अधिक असते.

समारोप

जागतिक आरोग्य संघटनेने 5 ते 17 वयोगटासाठी दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचालींची शिफारस केली आहे. शाळेतील एका तासिकेने ही गरज पूर्ण होणार नाही, पण तिचा नियमित आरंभ तेथूनच होऊ शकतो. गुणवत्तावाढीसाठी खेळाची तासिका काढून घेणे म्हणजे ज्या अवधानावर गुणवत्ता उभी राहते, त्याचाच आधार काढून घेणे होय. ती तासिका वेळापत्रकात सकाळी व सुरक्षित राहावी, ही मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती व पालक यांची संयुक्त जबाबदारी आहे.