मुलीसाठी स्नोबोर्ड घेताय? आधी हे तपासा

संक्रांतीच्या दिवसांत जयपूरच्या बाजारात पतंग घेणाऱ्या एखाद्या जाणकाराकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? तो रंगाकडे शेवटी पाहतो. आधी कमान दोन बोटांत धरून हलकेच वाकवतो, सोडल्यावर ती चटकन पूर्ववत होते का ते बघतो. मग पतंग मधल्या काडीवर तोलून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना याची खात्री करतो. पैसे त्यानंतर.

स्नोबोर्डही असाच पारखायचा असतो. फरक इतकाच की पतंग फाटला तर दुसरा येतो, बोर्ड चुकला तर अर्धी सहल आणि कधी कधी मनगटही जाते.

जयपूरमध्ये बर्फ पडत नाही, हे खरे. पण मुली आता मोबाइलवर क्लोई किमला हवेत गिरक्या घेताना पाहतात. 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हाफपाइपचे सुवर्ण जिंकले तेव्हा ती अवघ्या 17 वर्षांची होती. इकडे गुलमर्गलाही 2020 मध्ये पहिले खेलो इंडिया विंटर गेम्स झाले आणि त्यात स्नोबोर्डिंग होते. त्यामुळे 'या वर्षी काश्मीरला जाऊ तेव्हा मला स्नोबोर्ड शिकायचा आहे' असा हट्ट जयपूर काय किंवा पुणे काय, कुठल्याही घरात होऊ शकतो. हट्ट झाला की आईबाबा ऑनलाइन शोधायला बसतात आणि समोर येते ती गुलाबी-जांभळ्या चित्रांची रांग. 'विमेन्स फ्रीस्टाइल'. यातला कोणता चांगला, हे ओळखायचे कसे?

फ्रीस्टाइल म्हणजे नेमके काय?

स्नोबोर्डचे ढोबळमानाने तीन स्वभाव. फ्रीराइड बोर्ड मोठ्या डोंगरावर वेगाने उतरण्यासाठी असतो. ऑल-माउंटन बोर्ड सगळीकडे थोडा थोडा चालतो. आणि फ्रीस्टाइल बोर्ड उड्या, गिरक्या, लोखंडी पाइपांवरून घसरणे अशा करामतींसाठी बनवलेला असतो.

करामतीत कधी डावा पाय पुढे असतो, कधी उजवा. म्हणून अस्सल फ्रीस्टाइल बोर्डची दोन्ही टोके सारखी असतात. याला ट्विन म्हणतात. तो वजनाला हलका, थोडा आखूड आणि जरा मऊ असतो. मऊपणाचा नवशिक्या मुलीला फायदाच होतो, कारण बोर्ड लवकर वळतो आणि छोटी चूक माफ करतो. उतारावर वेग वाढला की मात्र तोच बोर्ड थरथरतो.

'विमेन्स' शिक्क्यात काय दडले आहे?

एक गंमत सांगते. स्नोबोर्डचा पूर्वज मुलींसाठीच जन्माला आला. 1965 च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने घरात कंटाळलेल्या आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी केली. त्यांच्या पत्नीने तिला नाव दिले 'स्नर्फर'. पुढे हा खेळ मोठा झाला, कंपन्या आल्या, आणि बोर्ड पुरुषांच्या मापाने बनू लागले. मुलींनी तेच वापरायचे, नाहीतर लहान मुलांचे. खास महिलांच्या मापाचे बोर्ड सर्रास मिळू लागायला बराच काळ जावा लागला.

म्हणजे 'विमेन्स' हा शिक्का निव्वळ जाहिरात नाही. त्यात तीन खरे फरक असतात. बोर्डची कंबर, म्हणजे मधला भाग, अरुंद असतो. लांबीची मापे आखूड असतात. आणि कमी वजनाच्या माणसालाही वाकवता येईल इतका बोर्ड मऊ ठेवलेला असतो.

पण हे तिन्ही फरक वजन आणि पावलाच्या मापाचे आहेत. उंच, दणकट आणि मोठ्या पावलाच्या मुलीला पुरुषांचा अरुंद बोर्ड जास्त शोभेल. बारीक, लहान पावलाच्या मुलाला महिलांचा बोर्ड उत्तम चालेल. तेव्हा शिक्का वाचा आणि लगेच आकड्यांकडे वळा.

लांबी: उंची नव्हे, वजन बघा

'बोर्ड उभा केला की हनुवटी ते नाक यांच्या मध्ये यायला हवा,' असे दुकानात हमखास सांगतात. हा अंदाज म्हणून ठीक आहे. पण बोर्डला तुमची उंची कळत नाही, त्याला फक्त भार कळतो. 162 सेंटिमीटर उंचीच्या दोन मुलींपैकी एक 47 किलोची आणि दुसरी 64 किलोची असेल, तर दोघींना एकच बोर्ड कसा चालेल?

ढोबळमानाने 45 ते 55 किलो वजनाला 138 ते 144 सेंटिमीटर आणि 55 ते 65 किलोला 143 ते 149 सेंटिमीटर लांबी बसते. फ्रीस्टाइलसाठी यातले खालच्या बाजूचे माप घेतात. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा तक्ता असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच. वजन खरे सांगा, दोन-चार किलो लपवू नका. इथे वजन लपवून फसवणूक फक्त स्वतःचीच होते!

रुंदी: घरीच कागद-पेन्सिल घ्या

मुलीला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे करा आणि अंगठ्याच्या टोकापाशी खूण करा. टाचेपासून तिथपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. स्नोबोर्डच्या बुटांचा मोंडो नंबर म्हणजे हेच अंतर. 24 सेंटिमीटर पाऊल म्हणजे 24 मोंडो. भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन नंबरांचा घोळच नको.

महिलांच्या बहुतेक बोर्डांची कंबर 23 ते 24.5 सेंटिमीटर असते. बूट बोर्डवर ठेवला की टाच आणि चवडा दोन्हीकडे एक-दोन सेंटिमीटर बाहेर यावा. त्याहून जास्त आला तर वळताना बूट बर्फात रुततो आणि माणूस आपटतो. अजिबात बाहेर आला नाही तर बोर्ड कडेवर उचलायला फार जोर लागतो आणि तासाभरात पोटऱ्या भरून येतात.

लवचीकपणा: हा आकडा परक्याचा असतो

बोर्डच्या माहितीत 1 ते 10 मध्ये 'फ्लेक्स' दिलेला असतो. 1 म्हणजे अगदी मऊ, 10 म्हणजे कडक. फ्रीस्टाइल शिकणाऱ्या मुलीसाठी 3 ते 5 ठीक. मात्र हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो, एकीचा 4 दुसरीच्या 6 इतका कडक निघू शकतो.

परीक्षण वाचताना आणखी एक गोष्ट शोधा. लिहिणाऱ्याचे वजन किती? 75 किलोच्या माणसाला 'लोण्यासारखा मऊ' वाटलेला बोर्ड तुमच्या 48 किलोच्या मुलीला लाकडी पाटासारखा लागेल. वजन दिलेले नसेल तर त्या परीक्षणातले मऊ-कडक बाजूला ठेवा, बाकीचे वाचा.

दुकानात असाल तर पतंगवाल्याची युक्ती वापरा. एक टोक जमिनीला टेकवून, दुसरे टोक हातात धरून, मध्यावर हलका दाब द्या. मग दोन्ही हातांनी बोर्ड किंचित पिळून बघा. पिळल्यावर सहज वळणारा बोर्ड कमी वेगात चांगला वळतो.

कमान की होडी?

बोर्ड सपाट फरशीवर ठेवा. मधला भाग उचललेला आणि टोकांजवळ टेकलेला दिसला तर तो कॅम्बर. याची कड बर्फ घट्ट पकडते आणि उडी मारताना स्प्रिंगसारखी ताकद मिळते, पण चूक झाली की पटकन पाडतो. होडीसारखा मध्ये टेकलेला आणि टोके वर आलेली असतील तर तो रॉकर. तो सौम्य आहे, कड सहज अडकत नाही, पण कडक बर्फावर निसटतो. हल्ली बरेच बोर्ड दोन्हींचे मिश्रण असतात. पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यासाठी असे मिश्रण निवडा.

तळाचे दोन प्रकार. एक्स्ट्रुडेड तळ स्वस्त असतो, ओरखडा पडला तर सहज भरता येतो आणि मेणाचे लाड कमी मागतो. सिंटर्ड तळ वेगवान, पण नियमित वॅक्स मागतो. वर्षातून पाच दिवस बर्फ पाहणाऱ्या घराला पहिला पुरेसा आहे.

गुलमर्गचा बर्फ वेगळा आहे

ऑनलाइन सापडणारी बहुतेक फ्रीस्टाइल परीक्षणे अमेरिका-युरोपातल्या स्नो पार्कमध्ये लिहिलेली असतात. तिथे यंत्राने दाबलेला बर्फ, तयार उड्या, पाइप असे सगळे असते. गुलमर्गची ख्याती नेमकी उलट गोष्टीसाठी आहे, ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फासाठी. आखूड आणि मऊ ट्विन बोर्ड अशा बर्फात नाक खुपसतो. मागच्या पायावर भार देऊन देऊन मांडी दुखते आणि मजा संपते.

म्हणून भारतात वापरायचा असेल तर अस्सल पार्क बोर्डच्या मागे लागू नका. 'ऑल-माउंटन फ्रीस्टाइल' प्रकार बघा. टोके जवळपास सारखी, पुढचे नाक थोडे उचललेले, फ्लेक्स मध्यम. बाइंडिंगसाठी पुरेशी भोके असावीत, म्हणजे खोल बर्फात दोन्ही बाइंडिंग जरा मागे सरकवता येतात.

आणि एक इशारा. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत जातो. वर दृश्य अप्रतिम आहे, पण तो उतार नवशिक्यांचा नाही आणि तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. बोर्ड कितीही महाग असला तरी शिकायचे ते खालच्या सौम्य उतारावर, प्रशिक्षकासोबतच.

बोर्डच्या आधी बूट

माझ्या मावसबहिणीची गोष्ट. तिच्या पहिल्या सहलीत भाड्याच्या दुकानात तिला दीड नंबर मोठे बूट दिले. 'जाड मोजे घाला, बसतील,' असे सांगून. दोन दिवस ती वळायला गेली की आत टाच उचलली जायची, बोर्ड मात्र सरळच जायचा. रात्री हॉटेलवर म्हणाली, 'ताई, हे माझ्याच्याने होणार नाही.' तिसऱ्या दिवशी बूट बदलले. बोर्ड तोच, उतार तोच. दुपारपर्यंत ती दोन्हीकडे वळत होती. दोन दिवस तिने स्वतःलाच दोष दिला होता, याचे मला अजून वाईट वाटते.

तेव्हा पैशांचा क्रम असा ठेवा: आधी बूट, मग हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड, शेवटी बोर्ड. बुटात बोटे पुढे हलकी टेकावीत आणि गुडघा वाकवल्यावर टाच उचलू नये. मोजे एकच जोडी. नवशिक्ये पडताना हात टेकतात, त्यामुळे स्नोबोर्डिंगमध्ये मनगटाच्या दुखापती फार होतात. गार्डमुळे हा धोका बराच कमी होतो.

विकत की भाड्याने?

चांगला नवा बोर्ड अमेरिकेत साधारण 400 ते 600 डॉलरला पडतो, म्हणजे 35 ते 50 हजार रुपये. वर बाइंडिंग, आयातशुल्क, पाठवणीचा खर्च. बोर्ड, बाइंडिंग, बूट मिळून सहा-आठ किलो होतात आणि देशांतर्गत विमानात बहुधा 15 किलो सामान नेता येते. त्यामुळे पहिल्या सहलीत बोर्ड भाड्यानेच घ्या. शक्य असेल तर दोन वेगळे बोर्ड चालवा आणि त्यांची लांबी, कंबर, प्रकार मोबाइलमध्ये टिपून ठेवा. परतल्यावर मुलगी 'हा वळत होता, तो नाही' असे सांगेल. तिचे हे परीक्षण जगातल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा तुमच्या कामाचे आहे.

जुना बोर्ड घेत असाल तर कडेवरून बोट फिरवा, लोखंडी कडा कुठे तुटल्या-उचकटल्या नाहीत ना? थर सुटले आहेत का? तळाला आतले लाकूड दिसण्याइतकी खोच असेल तर सोडून द्या.

तोवर जयपूरमध्येच तयारी

बर्फाची वाट बघत बसायला नको. मुलीला मागून अचानक हलका धक्का द्या (सांभाळून हं!). तोल सावरायला कोणता पाय पुढे आला ते बघा. बहुधा तोच पाय बोर्डवर पुढे राहील. डावा पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा असेल तर 'गूफी'. भाड्याच्या दुकानात हाच प्रश्न पहिला विचारतात.

मग तिला स्केटबोर्डवर उभे करा. बाजूने उभे राहून पुढे पाहणे, गुडघे वाकवणे, पडायला न घाबरणे, हे सारे तिथेच शिकता येते. आपल्याच राजस्थानात, उदयपूरजवळच्या खेमपूर गावात 'स्केटर गर्ल' या 2021 च्या चित्रपटासाठी बांधलेला स्केटपार्क चित्रीकरणानंतरही गावातल्या मुलामुलींसाठी राहिला. वाळूच्या प्रदेशातल्या मुली चाकांवर गिरक्या घेऊ शकतात, तर बर्फावर का नाही?

हिवाळ्यात तुम्ही दुकानात उभे असाल आणि विक्रेता म्हणेल, 'मॅडम, मुलींसाठी हा घ्या, कलर पण छान आहे.' तेव्हा हसून विचारा, 'याची कंबर किती? फ्लेक्स किती? हा किती किलो वजनासाठी आहे?' उत्तर आले तर पुढे बोला. नाही आले तर शेजारचे दुकान आहेच. आणि हो, आकडे जुळल्यावर रंग मात्र मुलीलाच निवडू द्या. गुलाबी असला तरी चालेल!