छापण्याआधी थांबलेला निबंध

शोध लागला की शास्त्रज्ञ तो लगेच छापायला धाडतात, अशी तुमची समजूत असेल. लंडनच्या रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांना मात्र थांबावे लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढलेली दिसत होती. संशय होता मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांवरच्या डांबरावर. डॉल यांनाही प्रथम डांबरच दोषी वाटे. दोघांनी लंडनच्या २० रुग्णालयांतील रुग्णांची चौकशी केली. आता आकडे पाहा. फुप्फुसाचा कर्करोग झालेले पुरुष ६४९. त्यांत धूम्रपान न करणारे फक्त २. त्याच वयोगटातले, पण इतर आजारांचे पुरुष ६४९. त्यांत असे २७. तुम्ही म्हणाल, धूम्रपान करणारे तर दोन्हीकडे भरपूर आहेत! खरेच आहे. त्या काळी तिथे धूम्रपान न करणारा पुरुषच विरळा, म्हणून तर ही गोष्ट कोणाच्या नजरेत भरत नव्हती. फरक शोधायचा तो उरलेल्या मूठभरांत. शिवाय सिगारेटी जितक्या जास्त, तितका धोका जास्त, असेही आढळले. डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडून दिली.

हे १९४९ मध्येच हाती आले होते. पण वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी सुचवले, की लंडनबाहेरच्या शहरांतही हेच दिसते का ते आधी पाहावे. सल्ला रास्तच होता. तेवढ्यात मे १९५० मध्ये विंडर आणि ग्रॅहॅम यांचा तशाच निष्कर्षाचा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. मग सप्टेंबरमध्ये यांचाही 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला.

खरे तर जर्मनीत म्युलर यांनी १९३९ मध्येच असे लिहिले होते. पण महायुद्धाच्या धामधुमीत ते बाहेर फारसे कोणी वाचले नाही. छापलेले वाचले जाईलच असे नाही!

१९५० नंतर मात्र निबंधांची रीघ लागली. १९५५ मध्ये मुंबईच्या सांघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू चघळणे, विडी ओढणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध त्याच ब्रिटिश नियतकालिकात मांडला. १९६४ च्या अमेरिकी सरकारी अहवालासाठी ७,००० हून अधिक लेख चाळले गेले.

डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनाच त्यांच्या सवयी विचारल्या होत्या. ४० हजारांवर उत्तरे आली. त्यांतल्या पुरुष डॉक्टरांचा मागोवा पुढे ५० वर्षे घेतला गेला. धूम्रपान चालू ठेवणारे सरासरी १० वर्षे आधी गेले, असे २००४ च्या निबंधात दिसते. त्या निबंधावर डॉल यांचे नाव आहे. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.