‘हकीकत’मध्ये हकीकत किती?

‘हकीकत’ हा शब्द तुम्हांला शिकवावा लागत नाही. तो तुमच्या घरातलाच आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थ थोडा सरकला आहे. उर्दूत हकीकत म्हणजे सत्य. मराठीत हकीकत म्हणजे घडलेल्या गोष्टीचा वृत्तान्त. चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ हा १९६४ सालचा चित्रपट पाहताना हे दोन्ही अर्थ लक्षात ठेवा.

१९६२ साली भारत आणि चीन यांच्यात युद्ध झाले. त्या युद्धात लडाखमधील उंच ठाण्यांवर वेढल्या गेलेल्या जवानांची ही कथा आहे. युद्धपटात बहुधा विजयाचा जल्लोष असतो. येथे माघार आहे! थकलेले जवान जखमी सोबत्यांना सांभाळत चालतात. मेजरच्या भूमिकेत बलराज साहनी आवाज फारसा न चढवता बोलतात, आणि म्हणूनच त्यांचे दुःख खरे वाटते. पराभवाची गोष्ट इतक्या लवकर पडद्यावर आणायला धैर्य लागते.

चित्रपटाची गाणी कैफी आझमी यांनी लिहिली असून संगीत मदनमोहन यांचे आहे. एका गाण्यात जवान घरच्या माणसांची आठवण काढतात. मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार आवाज एकामागून एक येतात. त्या वेळी एकही गोळी सुटत नाही, तरी युद्धाची किंमत कळते. मला विचाराल तर सगळ्या चित्रपटात हाच भाग सर्वांत चांगला आहे.

उणिवाही आहेत. कॅप्टन बहादूरसिंग आणि लडाखी मुलगी अंग्मो यांची प्रेमकथा अधूनमधून कथेची गती अडवते. अंग्मोच्या बोलण्यात लडाख ऐकू येत नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे चिनी सैनिक. ते फक्त ओरडत धावून येतात. त्यांनाही घर असेल, आई असेल, असे कोठेच वाटत नाही.

हा चित्रपट मी वर्गाला दाखवला, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, आपल्या जवानांकडे पुरेशी तयारी का नव्हती?” चित्रपट चीनच्या दग्याबद्दल पुष्कळ बोलतो, पण या प्रश्नाजवळ फार थांबत नाही. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली आणि अपुरे गरम कपडे यांची माहिती आम्ही दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला शोधली.